बोटाच्या मापाची सुई

बायको, कृष्णाबाई, गेली हे पुंडलिकला दुकानात कळलं. हुबळीत कोप्पीकर रोडवर त्याचं सुया, रिळं, गुंड्यांचं दुकान. एका बाईच्या ब्लाउजपिसाला रीळ जुळवत होता, तेवढ्यात घराशेजारची लक्कव्वा देशपांडे नगरातून धापा टाकत आली. "अण्णा, घरी चला," एवढंच म्हणाली. त्या गिऱ्हाईक बाईनेच शटर ओढलं. घरी कृष्णाबाई अर्ध्या शिवलेल्या वाकळीवर आडवी होती. सुई कापडातच होती.

ती सुई पुंडलिकच्या दुकानातली नव्हती. "तुमच्या सुया केळ्यात टोचायच्या लायकीच्या," असं कृष्णाबाई चारचौघांत म्हणायची. लेक मंगला नोकरीला जपानात, क्योटोत. तिने तिथून आणलेल्या, हाताने घडवलेल्या सुयांवर आईचा जीव.

पुढच्या वर्षी मंगलाने बापाला तिकडे नेलं. देवळं बघू म्हणाली.

"देवळं काय, धारवाडातही आहेत. तुझ्या आईची सुई जिथली, ते दुकान दाखव."

दुकान बोळात होतं, पुंडलिकच्या दुकानाच्या निम्मं. लाकडी खणांत सुया, रेशमी दोरे, बोटभर कात्र्या. मालकीण म्हातारी. काय शिवायचंय, तिने विचारलं. मंगला दोन्हीकडचं सांगत होती. पुंडलिकने पिशवीतून वाकळ काढून पसरली. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे. टाके कडेपासून फिरत फिरत आत आलेले, मध्ये थोडी जागा राहिलेली. म्हातारीने वरची बाजू पाहिली न पाहिली, लगेच वाकळ उलटी केली. पुंडलिकला बरं वाटलं. जाणकार माणूस मागूनच बघतो. टाका दोन्हीकडे सारखा होता. म्हातारीने वाकळीपुढे मान लववली.

"अप्पा, भिंतीवर लावायला द्याल का, विचारतायत."

"सांग त्यांना, भिंतीला थंडी वाजत नाही."

"असं कसं सांगू?"

"असंच सांग."

म्हातारी तोंडावर हात धरून हसली. मग काहीतरी म्हणाली.

"सुई बोटाच्या मापाने घ्यायची असते म्हणे. शिवणार कोण?"

पुंडलिकने लेकीकडे पाहिलं. आईची वाकळ ती पुरी करेल, याच आशेने तो एवढ्या लांब आला होता. मंगलाने हात मागे घेतला. "माझ्याकडे बघू नका, अप्पा. मला साधी गुंडी लावता येत नाही."

आता काय करायचं? हुबळीत पैसे देऊन शिवणाऱ्या बाया पुष्कळ. पण कृष्णाबाईच्या टाक्याला लागून भाड्याचा टाका? पुंडलिकने स्वतःचा हात म्हातारीपुढे ठेवला. तिने मधलं बोट मापलं, काढलेली सुई परत खणात टाकली आणि लांब सुई आणली.

आता तो आपल्या दुकानात बसून शिवतो. चहावाला भरमा एकदा वाकून बघत म्हणाला, "काय अण्णा, वाकळी विकणार?"

"विकायची नाही. बायकोने शिवलीय."

"पण इथं टाका वाकडा गेलाय की!"

"वाकडे ते माझे. सरळ आहेत ना, ते सगळे तिचे." गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला.

मधली वीतभर जागा तेवढी उघडी आहे. ती बंद करण्याआधी आत पुरणपोळीचा तुकडा घालायचा असतो, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही. तो घरच्या हाताचा लागतो. पुंडलिकला पुरणपोळी अजून जमलेली नाही.