आधी सी, की आधी जावा?

मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यातली बिल्ड स्क्रिप्ट. वजनकाट्याच्या प्रोग्रामचे तुकडे कोणत्या क्रमाने बांधायचे, एवढंच सांगणारी फाइल. माझं नाव कुणी घेत नाही; माझ्याशिवाय मात्र उसाची पावती निघत नाही.

मला वैजनाथरावांनी जन्माला घातलं. काट्याचं वजन वाचणारा भाग त्यांनी सी भाषेत लिहिला, पावती काढणारा जावात. सीला जावाने तयार केलेली नावांची फाइल लागायची, जावाला सीने तयार केलेली. दोन टेबलांवरचे दोन साहेबच. दोघंही म्हणणार, आधी त्यांची सही आणा. तरी गाडं चाललं, कारण दोघं एकमेकांच्या आदल्या फायलींवर भागवत होते. वैजनाथराव निवृत्त झाले. शाल-नारळ त्यांना मिळाला, गुंता मला.

यंदा हंगामाआधी कारखाना धुऊनपुसून निघाला. गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं, आणि त्याच सकाळी कॉम्प्युटर विभागात नव्याने लागलेल्या अनीशला वाटलं, कॉम्प्युटरच तेवढा मळका का ठेवावा? त्याने आधीच्या सगळ्या तयार फायली पुसल्या नि मला चालवलं.

मी सीकडे गेले. तो म्हणाला, आधी जावा. जावाकडे गेले. तो म्हणाला, आधी सी. पडद्यावर लाल ओळी आल्या.

"बॅकअप कुठंय?" विभागप्रमुख रोहिणीमॅडमनी विचारलं.

"त्याच फोल्डरात होता, मॅडम."

म्हणजे तोही पुसला गेला होता.

बाहेर गाड्यांची रांग फाटकापर्यंत गेली होती. पुढची गाडी पाथर्डीकडून तोडणीला आलेल्या मनकर्णाबाईंची.

"बाई, ऊस वाळतोय," त्या खिडकीतून म्हणाल्या. "घटलेलं वजन आमच्याच अंगावर."

"मावशी, हाताने लिहून घेऊ का?" अनीशने विचारलं.

"नगं. मशीनची पावती द्या. तवर गाडी हलत न्हाई."

मागच्या गाड्यांवरून आवाज चढू लागले. मॅडमनी खुर्ची ओढली. सीचा मजकूर वाचत जावाला हवी ती फाइल त्या हाताने लिहू लागल्या. मला चालवलं; लाल. एक नाव दुरुस्त केलं, पुन्हा लाल. अनीशने घाम पुसला. तिसऱ्यांदा जावा मुकाट बांधला गेला, त्याच्या जोरावर सी, आणि सीच्या खऱ्या फाइलवर जावा पुन्हा एकदा.

पावती निघाली. मनकर्णाबाईंनी ती उजेडात धरली.

"वाळलाच की वो थोडा," म्हणाल्या, आणि बैल हाकले.

दोघांना लागणारी नावं आता वेगळ्या फाइलीत आहेत. ती मी सगळ्यात आधी बांधते. विनंती एकच. वर्षातून एकदा मला कोऱ्या मशीनवर चालवून बघा. पण पावसाळ्यात. खिडकीत मनकर्णाबाई उभ्या नसताना.