मागून कोरं

कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, हे मला ह्यांनी लग्नानंतर शिकवलं. छापखान्यात खिळे जुळवणारे एक पान कापून दोघांत वाटून घेतात; पाठीमागे मजकूर असला की सगळा घोळ. हे हिंगोलीत शाळामास्तर, आणि चोरून अकोल्याच्या एका साप्ताहिकाचे बातमीदार. निजामाच्या हद्दीत त्या साप्ताहिकाला बंदी होती. ह्यांनी आणलेल्या बातम्या मी सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि बांगडीवाली मदीनाबी त्या आपल्या पेटीतून वऱ्हाडात, वाशीमला पोचवायची.

त्या सकाळी हे बातमीसाठी साखऱ्याला गेलेले. उतरवलेली सहा पानं मी दुपट्याखाली सारली आणि वर आठ महिन्यांच्या पोरीला निजवलं. तेवढ्यात जमादार शंकरसिंग दारात.

"मास्तर कुठं गेला, बाई?"

"सोयऱ्यांकडे."

त्यानं डबे उघडले, पुस्तकं झटकली. काही मिळेना. मग फळीवरचं, आईला लिहीत असलेलं माझं पत्र उचललं. वाचलं. उलटलं. पुन्हा उलटलं.

"ह्ये मागून कोरं काहून?"

युद्धापासून कागद मिळत नव्हता. लोक समासातसुद्धा आडवं लिहायचे. आणि मी आईलाही एकाच बाजूला लिहिलं होतं!

"औरंगाबादेत एका अखबारवाल्याची झडती घेतली होती म्या," तो सावकाश म्हणाला. "त्याचे समदे कागद बराबर असेच."

बरं तर बरं, शेवटी 'तुझी' लिहून सही करायची राहिली होती.

"पत्र अर्धंच झालंय, जमादारसाहेब. पोरगी रडली, उठावं लागलं."

"मंग लिवा की. आमी बसतो."

पान उलटून लिहायला बसले. पोरीला दात येतोय. ताप नाही. शेजारच्या रुक्माबाईंनी गुटी दिली. पोरगी चुळबुळली, दुपट्याखालचा कागद कुरकुरला. डाव्या हातानं मी जोरजोरात थोपटू लागले.

"थोपटता का मारून राहिल्या लेकराला?"

"अशीच निजते ती."

पान भरलं. त्यानं ते घडी करून खिशात घातलं. "म्या टाकतो डाकंत. मास्तर आला की चौकीवर धाडा."

तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारातच उभी होते. मग आत आले आणि सहाही पानं नव्यानं उतरवायला घेतली. वर 'तीर्थरूप आईस' घातलं, आणि खाली तीच बातमी, कागदाच्या दोन्ही बाजूंना, समासापर्यंत गच्च. खिळे जुळवणारे शिव्या देतील. देवोत.

गल्लीत मदीनाबीची हाक आली. हे अजून आले नव्हते.