वहीची सावड

विशे सरांनी चार प्रयोगवह्या टेबलावर ओळीने उघडून ठेवल्या आणि चष्मा कपाळावर चढवला. चारही वह्यांत जास्वंदीचं फूल एकाच हाताचं. चारही वह्यांत कृती त्याच गोल, टपोऱ्या अक्षरात. आणि आकडेमोड? सातच्या आकड्याला एवढी लांब शेपटी काढणारा सगळ्या दहावीत एकटा भगीरथ होता.

"राही, ही फुलं कोणी काढली?"

"मी, सर." राहीनं लगेच सांगून टाकलं. यात लपवण्यासारखं काही असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. "अक्षदानं लिवलं, भगीरथनं गणितं केली."

"आणि मंगळ्यानं काय केलं?"

"कव्हरं घातली, सर," मंगळ्या उभा राहून म्हणाला. "चारी वह्यांना."

वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. "ह्याला कॉपी म्हणतात," ते म्हणाले.

"कॉपी नाय सर, सावड," राही म्हणाली.

विशे सर बदलापूरचे. त्यांच्या आजोबांनी शेती केली होती, पण सरांच्या पायाला चिखल कधी लागला नव्हता. भाताची लावणी कोणालाच एकट्यानं उरकत नाही, म्हणून आज दहा घरं मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी घ्यायची नाही. ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं आणि आपल्याकडे आलेल्याची पाळी फेडायची. ही सावड. राहीनं हे सगळं सरांना सांगितलं. सरांनी ऐकूनही घेतलं. मग वह्या बंद करून चौघांच्या हातात दिल्या.

"सोमवारपर्यंत नव्या वह्या. बाराच्या बारा प्रयोग, ज्याचे त्यानं स्वतः करून, स्वतः लिहून. मी कुठलाही विचारीन. आला तर सही. सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही."

तो बुधवार होता. सराव परीक्षा संपून उद्यापासून अभ्यासाची सुट्टी लागत होती, एवढंच काय ते बरं.

राही तासभर चढून ठाकूरवाडीत आली ती तोंड पाडूनच. वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. पण बापानं, धाऊनं, वर्षाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, "एकदा बस परीक्षेला. हुकली तर माझ्यासंगं वीटभट्टीवर. दोनदा शिकवायची माझी ताकद नाय." धाऊ शब्दाचा पक्का होता.

त्यानं सगळी हकीकत ऐकली, विडी विझवली आणि कपाळावर हात मारला. "अगो, ही कसली सावड? भगीरथनं नांगर धरायचा, तू रोपं खणायची नि अक्षदानं लावायची, असं कंदी बघितलंस? मग भगीरथला लावणी येल का?"

"नाय."

"सावडीत समदी एकाच्या शेतात उतरतात. समदी समदं करतात. शेताचा धनी तर सगळ्यांच्या म्होरं वाकतो. तुमी सावड नाय केली गो. तुमी वाटे घातले."

दहा वर्षं शाळेत जाऊन जे राहीच्या डोक्यात आलं नव्हतं, ते अंगठा उठवणाऱ्या बापानं विडी विझेपर्यंत सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून खरी सावड बसली. गुरुवारी मंगळ्याचं घर, शुक्रवारी भगीरथचं, शनिवारी अक्षदाचं आणि रविवारी राहीचं. ज्याची वही त्यानं लिहायचं, बाकीच्या तिघांनी त्याला शिकवायचं आणि जेवण त्याच्या घरी.

पहिले दोन दिवस हसून हसून पोटं दुखली. मंगळ्यानं काढलेलं जास्वंदीचं फूल बघून भगीरथ म्हणाला, "ह्ये घुबड कुणाचं रे?" भगीरथनं शुक्रवारी बेडकाचं हृदय काढलं, ते मंगळ्यानं तांब्या म्हणून ओळखलं. पण राहीनं दोघांना पुन्हा पुन्हा काढायला लावलं. पेन्सिल धरलेला त्यांचा हात सैल करून दिला. लिंबू, राखेचं पाणी नि जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस घेऊन आम्ल आणि अल्क झालं. पाण्याच्या पेल्यात काडी मोडलेली दिसली.

शनिवारी अक्षदाच्या पडवीत मुलं बसली असताना सर अचानक दारात उभे. कोण कोणाची वही लिहितंय, हे बघायला आले असावेत. अक्षदा थर्मामीटर बघून स्वतः लिहीत होती आणि मंगळ्या तिला "गो, पारा वर चढला का तू वाकलीस?" म्हणून दटावत होता. तेवढ्यात अक्षदाच्या आईनं पानं मांडली. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. सर नको नको म्हणत दोन भाकऱ्या जेवले.

अक्षदाचा आजा, धर्माबाबा, सुपारी कातरत म्हणाला, "जेवलात नव्हं मास्तर? मग पाळी लागली तुमाला. सावडीचं अन्न फुकट पचत नाय. उद्या राहीकडे."

सर हसून निघून गेले.

रविवार उजाडला आणि मंगळ्या, अक्षदा दोघंच डोंगर चढून आले. "भगीरथच्या भावाचा साखरपुडा ठरला काल," मंगळ्या धापा टाकत म्हणाला. "बापानं धरून नेला मुरबाडला. घड्याळ बी त्याच्याच हातात."

दहा प्रयोग राहीला पाठ झाले होते. राहिले होते ते दोन्ही लंबकाचे, आणि आकडे म्हटले की तिच्या अंगावर काटा यायचा. मंगळ्या डोकं खाजवत म्हणाला, "मला त्यानं सांगितलं तवा कळलं होतं. दुसऱ्याला सांगाया नाय येत."

दहाच्या सुमारास कुत्री भुंकायला लागली. तुटलेली चप्पल हातात घेऊन विशे सर चढण चढत होते.

"बिरडं पचेना," ते ओट्यावर बसत म्हणाले. "बोल, काय करू?"

"सर, लंबक शिकवा."

"छे. मी आज मास्तर नाही, गडी आहे. धनीण तू. सांगशील ते करीन."

राहीनं धाऊकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत मिशीत हसत होता. मग तिनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली. आंब्याच्या फांदीला मीटरभर दोरी, दोरीला गोटा. सरांना त्यांचं बटणाचं घड्याळ घेऊन बसवलं, मंगळ्याला गोटा सोडायला, अक्षदाला झोके मोजायला. वीस झोके, सदतीस सेकंद. पुन्हा वीस, चव्वेचाळीस. पुन्हा, चाळीस.

राही आकड्यांकडे बघत राहिली. दोरी तीच, गोटा तोच. धाकट्या भावाची झोळी तिनं वर्षभर हलवली होती. तो तान्हा असताना आणि चांगला जड झाल्यावरही तिचा झोका तेवढाच राहायचा. दोरी आखूड केली तरच झोका घाईचा व्हायचा. मग इथंच कसं बदलतं? तिनं चौथ्यांदा गोटा सोडायला लावला, पण डोळे सरांच्या अंगठ्यावर ठेवले.

"सर! तुमी घड्याळ मागाहून दाबताय! मंगळ्याचा हात सुटला की दाबायचं. ध्यान कुठं आहे तुमचं?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. सर मात्र मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, धनीण."

मग चाळीस. पुन्हा चाळीस. दोरी पाव मीटर केली, वीस. मोठा गोटा बांधला, तरी वीसच. दोरी चौपट आखूड केली की वेळ निम्मा, हे राहीनं आपल्या हातानं लिहिलं आणि ते तिला खरंच कळलं होतं. दुपारी सरांनी नाचणीची भाकरी सुकटीबरोबर खाल्ली आणि पुढच्या पाळीचं काही बोलू नका म्हणाले.

सोमवारी शाळेत सर पुन्हा मास्तर झाले होते. चष्मा नाकावर, चेहरा कडक. मुरबाडहून परतलेला भगीरथ तोंड लपवत मागं उभा होता. सरांनी राहीची वही उलटली, लंबकाच्या पानावर थांबले, दोन प्रश्न विचारले. राहीनं दोन्हींची उत्तरं न अडखळता दिली. मग पेनाचं टोक रकान्यावर टेकवून ते म्हणाले, "पहिली दोन निरीक्षणं का खोडली?"

राही म्हणाली, "गडी नवीन होता, सर."

सरांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. तरी सही जरा वाकडीच आली.