पिसापुढची कबुली

चपलांच्या दुकानावरच्या खोलीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धशिशी उतरवणाऱ्या पिसेबाबांनी एका बाईच्या कपाळावर पांढरं पीस नुसतं टेकवलं आणि बाई कळवळून मागे सरकली. गर्दी हरखली. पीस ते केवढं आणि त्याचं वजन ते काय! एवढं डोळ्यांदेखत घडल्यावर शंका घ्यायची कुणाची छाती होणार?

"आत सावली बसली आहे," बाबा म्हणाले. "ती गोळीला भीत नाही, फवाऱ्याला भीत नाही, फक्त पिसाला भिते. पीस टेकताच माणूस कळवळला की सावलीने कबुली दिली. त्याआधी औषध घेतलंत तर ती रुसते आणि दुप्पट ठोकते."

मग बाईला मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपवलं. तिथून बरीच माणसं संध्याकाळी हसत बाहेर पडायची. मी मात्र तोंड वाकडं करून जिन्यात उभा होतो, कारण रांगेत माझी ताई होती.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. तिची अर्धशिशी उठली की उजेड नकोसा होतो, मळमळतं आणि नंतर तर ती केसांना हात लावू देत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला नाकात मारायचा फवारा दिला होता, पण तो काही केल्या लागू पडत नव्हता. पुन्हा काम टाकून गेलीस तर दुसरी मुलगी बघतो, असं मालकांनी सुनावलं होतं. घर तिच्या नोकरीवर चालायचं. त्या धास्तीने आमची शहाणी ताई पिसाच्या नादी लागली होती.

"लोक बरे होतात, ते काय खोटं आहे?" ती म्हणायची.

"अगं, अंधारात झोप लागली की पुष्कळांची डोकेदुखी उतरते. त्याला बाबा कशाला, जाड पडदा पुरतो."

"तुझं दुखत नाही ना, म्हणून तोंड चालतं."

हे खरंच होतं. पण त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंनाच गळ घालून बोलावलं होतं. ताईची पाळी आली आणि त्या जिना चढून आल्या.

पीस लागलं, ताई कळवळली. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि त्याचं टोक हळूच तिच्या कपाळाला लावलं. ताई तशीच कळवळली.

"सावली माझ्या रुमालालाही भिते म्हणायची," त्या म्हणाल्या. "सकाळी साबणाने धुतलाय, मंत्रबिंत्र काही नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबांनी घसा खाकरला.

"या दुखण्यात पुढे पुढे कातडीच हळवी होते," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "कंगवा, उशी, चष्म्याची काडी, काहीही लागलं तरी दुखतं. दुखणं बरंच पुढे गेलंय, एवढंच पीस सांगतं." मग ताईकडे वळून, "फवारा कधी मारतेस?"

"पिसापुढे कबुली झाल्यावर."

"आणि दुखायला कधी लागतं?"

"सकाळी दुकान उघडताना."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, हा फवारा दुखणं सुरू होतानाच मारायचा, कातडी हुळहुळायच्या आधी. उशीर केलास की त्याचा जोर कमी पडतो. हे बाबा तुला उशीर करायला लावतात आणि वर म्हणतात, बघा, औषध फुकट गेलं."

बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली.

पुढच्या खेपेला दुकानात एका बाजूने ठणका सुरू होताच ताईने फवारा घेतला. सावली रुसली तर, असं क्षणभर मनात आलं होतं म्हणे. ती चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत थोडा वेळ बसली आणि पुन्हा कामाला लागली. दर वेळी इतकं सोपं जात नाही, पण नोकरी टिकली. मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी, हे दुसऱ्या कशाने होतं का, ते करून बघा. आणि दुखत असेल तर डॉक्टर गाठा.

परवा ताई त्याच जिन्यात उभी राहून रांगेतल्या बायकांना म्हणाली, "औषध दिलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्या. इथे ताटकळण्यात तीच वेळ जाते." दोघी खाली उतरल्या. बाकीच्यांशी ती अजून बोलते आहे.