खालच्या कप्प्यातले ट्यूलिप

भोपाळात कोटऱ्यातल्या घराच्या फाटकापाशी चार हात लांब, दोन हात रुंद अशी मातीची एक पट्टी होती. बावीस वर्षांत नीळकंठरावांनी तिथे मिरचीचं रोपसुद्धा लावलं नव्हतं. अशा माणसाला सप्टेंबर संपता संपता एकाएकी फुलांचं वेड लागलं. सुमित्राबाई भजनी मंडळात म्हणाल्या, "सत्तरीनंतर माणूस देवाकडे वळतो नाहीतर झाडांकडे. आमचे झाडांकडे वळले. थोडक्यात सुटले."

वेड फुलांचं नव्हतं. कांद्याचं होतं.

त्याची गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी सुमित्राबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून नीळकंठरावांनी कुलदैवताला, खंडोबाला सांगितलं की ही वाचली तर आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत जन्मभर कांद्याला शिवणार नाही. घाबरलेला माणूस नवस बोलतो तेव्हा महिने मोजत नाही. ते पाच भरतात. बाई वाचल्या. नवसाचं कळल्यावर पदराला डोळे पुसत राहिल्या, आणि आपलं काळीज या नवसावरच चालतं अशी त्यांची पक्की समजूत झाली. डॉक्टरांची गोळी त्या विसरायच्या, नवस कधी विसरल्या नाहीत.

नीळकंठराव पहिल्या वर्षी नारळीपौर्णिमेपर्यंत टिकले.

पुढे दर वर्षी त्या पाच महिन्यांत ते स्कूटर काढून चौकातल्या कचोरीवाल्याकडे जायचे, कचोरीपेक्षा वरचा कांदा जास्त खायचे आणि बडीशेप चघळत घरी यायचे. देवाची भीती त्यांना फारशी नव्हती. ज्या देवाला चंपाषष्ठीला कांद्याचा नैवेद्य लागतो तो आपल्यावर किती रागावणार, असा त्यांचा सवाल होता. भीती होती ती बायकोची. म्हणजे तिच्या काळजाची. एकदा उघडून शिवलेलं ते. नवस खोटा होता हे कळलं आणि शिवण उसवली तर? या विचाराची त्यांना धास्ती बसायची, आणि कांदा खाल्ल्याशिवाय ती उतरायची नाही.

यंदा जूनमध्ये मुलगा मिलिंद पुण्याहून आला आणि "बाबा, गुडघे बघा तुमचे" म्हणून स्कूटर विकून गेला. चौक तुटला. आता कांदा घरातच आणायला हवा होता, आणि घरात सुमित्राबाईंना माहीत नाही असा एक कोपरा नव्हता.

मग एक दिवस तुळशीचं रोप आणायला ते कोलार रोडच्या नर्सरीत गेले. तिथे फळीवर टोपल्यांत कंद मांडले होते. नीळकंठराव एका टोपलीपाशी थबकले ते थबकलेच.

नर्सरीवाला रमेश म्हणाला, "बाबूजी, ट्यूलिप है. पर भोपाल में नखरे करता है. आप नर्गिस ले जाओ. गाड़ दो, भूल जाओ, फरवरी में फूल."

नीळकंठरावांनी नर्गिसचा कंद हातात घेतला. मान फार लांब. फ्रीजियाचे फारच बारीक. रॅननक्युलसचे तर वाळलेल्या कोळ्यासारखे, पायच पाय. ग्लॅडिओलसचे चपटे. ते पुन्हा ट्यूलिपकडे आले. गोल, टोकदार, वर तांबूस कागदी साल.

"याहून जरा लाल नाही का?"

"बाबूजी, लोग फूल का रंग पूछते हैं. आप छिलके का पूछ रहे हो."

"फूल काय, येईल ते येईल."

"इसको पहले छह हफ्ते फ्रीज में रखना पड़ेगा. अपने यहाँ ठंड पूरी नहीं पड़ती ना. कागज की थैली में. और पास में फल मत रखना, कंद खराब होता है."

फ्रीजमध्ये, कागदाच्या पिशवीत, जवळ काही ठेवायचं नाही. नीळकंठरावांना खंडोबा प्रसन्न झाल्यासारखं वाटलं. त्यांनी बारा कंद घेतले आणि येताना हातगाडीवरून तेवढ्याच आकाराचे लाल कांदे निवडून त्याच पिशवीत टाकले.

त्या दिवसापासून फ्रीजचा खालचा कप्पा त्यांचा झाला. सफरचंदं वर गेली. मंगळवारी आणि गुरुवारी सुमित्राबाई भजनाला गेल्या की नीळकंठराव पिशवी उघडत, एक कांदा बुक्कीनं फोडत, शिळ्या पोळीशी खात. पिशवीतले कांदे कमी झाले की हातगाडी होतीच.

दिवाळी आली आणि भाऊबीजेला इंदूरहून वसुताई आल्या. वसुधा, नीळकंठरावांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, नजर मात्र पोलिसाची. सकाळी लिंबू शोधायला म्हणून त्यांनी फ्रीज उघडला आणि पिशवीच टेबलावर आणून ओतली.

"नीळ्या, चंपाषष्ठी झाली नाही अजून. हे काय आहे?"

"ट्यूलिप आहेत, ताई. हॉलंडचं फूल."

वसुताईंनी एक उचलून डोळ्यांपाशी धरला. "हा हॉलंडचा?"

"हो."

"इंदूरच्या मंडईत याचे बरेच नातेवाईक दिसतात."

तोवर सुमित्राबाई पोळपाट सोडून आल्या. टेबलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांचा हात आपसूक छातीवर गेला. नीळकंठरावांना तो हात तेवढा दिसला, बाकी काही दिसेना.

"बल्ब सगळे असेच दिसतात," ते म्हणाले. "आज लावणारच होतो."

"सगळे?" वसुताईंनी विचारलं.

"सगळे."

"मग चल. मी खुर्ची घेते."

सहा आठवडे व्हायला अजून पंधरा दिवस होते, पण ते कोणाला सांगणार? नीळकंठरावांनी पट्टी खणली, वाळू आणि शेणखत मिसळलं. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, टोक वर, दोन कंदांमध्ये वीतभर अंतर, असं रमेशनं सांगितलं होतं. बारा ट्यूलिप गेले आणि त्यांच्या मधेमधे पाच कांदे. ताजे होते, कालच आणलेले. एकेक कांदा मातीआड करताना नीळकंठरावांचा चेहरा असा झाला की सुमित्राबाई म्हणाल्या, "पाहा वन्सं, किती जीव लावलाय फुलांना."

वसुताईंनी वर हळदकुंकू टाकलं. नीळकंठराव चंपाषष्ठीपर्यंतचे उरलेले दिवस कांद्याविना राहिले. इतिहासात पहिल्यांदाच.

रात्री उकरून काढावेत असं त्यांच्या मनात आलं होतं, पण गुडघे वाकेनात, आणि दिवसा सुमित्राबाई तिथून हलेनात. उन्हात खुर्ची टाकून बसायच्या, पाणी घालायच्या. भजनी मंडळाला आमंत्रणसुद्धा देऊन झालं होतं. डिसेंबरात हिरवे कोंब आले. काही रुंद पानांचे, काही सुरळीसारखे. सुमित्राबाई ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजाराजवळ वाढलेल्या. त्यांनी भाजी पाहिली होती ती पाटीतच, जुडी बांधलेली. "दोन जातींचे दिसतात," म्हणाल्या. नीळकंठराव म्हणाले, "असतील."

जानेवारी सरली. रुंद पानं पिवळी पडून माना टाकून बसली. ट्यूलिपांना थंडी पुरली नव्हती. सुरळीवाले मात्र कंबरेएवढे झाले, आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या टोकावरची पांढरी टोपणं फुटली. आतून चेंडूएवढी गोल फुलं निघाली, शेकडो चांदण्या एकत्र बांधल्यासारखी. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली.

सुमित्राबाईंनी पहिलं फूल तोडलं, देवघरात जाऊन खंडोबाच्या टाकावर वाहिलं, हात जोडले. जोडलेले हात नाकाशी आले.

त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. भांडी घासायला येणारी कमल तिथे होती. सीहोरकडची, शेतातली बाई. तिच्यापुढे त्यांनी दुसरं फूल धरलं.

"प्याज का फूल है, दीदी," कमल म्हणाली. "मैं तो दो बार पत्ते भी ले गई चटनी के लिए. आपको नहीं पता था?"

नीळकंठराव बाहेर पेपर वाचत होते. सुमित्राबाई समोर येऊन बसल्या. हातातलं फूल त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "या वर्षीच?"

नीळकंठरावांनी पेपर खाली ठेवला. खोटं तयार होतं, पण दारात उरलेली तीन फुलं वाऱ्यावर माना हलवत होती.

"नाही."

"किती?"

"सगळीच वर्षं. पहिल्या वर्षी नारळीपौर्णिमेपर्यंत पाळला होता."

सुमित्राबाईंनी छातीवर हात ठेवला. नीळकंठराव खुर्चीतून अर्धे उठले. "गोळी देऊ? सुमित्रा, दुखतंय का?"

"गप्प बसा. ऐकू द्या." त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ अंदाज घेतला. "चालतंय."

"चालतंय?"

"चालतंय चांगलं. म्हणजे नऊ वर्षं ते आपल्या पायावरच चालत होतं." त्यांनी डोळे उघडले, आणि आता त्यांत निराळंच काही होतं. "आणि मी?"

"तू काय?"

"तुम्ही एकटे कशाला सोसता म्हणून मीही सोडला होता. नऊ पावसाळे. बाहेर धो धो पाऊस, शेजारच्या घरातून कांदाभजीचा वास, आणि मी इथे बटाट्याची खाते. तुम्ही कचोऱ्या चापता."

हे नीळकंठरावांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, तिला बटाटाच आवडतो.

"आता असं करायचं," सुमित्राबाई म्हणाल्या. "येत्या आषाढीपासून नऊ पावसाळे तुम्ही पाळायचा. मी खाणार. तुमच्यासमोर बसून."

"अगं, मी ऐंशीचा होईन."

"व्हा की. मी अठ्ठ्याहत्तरची होईन."

नीळकंठरावांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यांनी खंडोबाकडे मागितलं होतं ते यापेक्षा कितीतरी कमी होतं.

संध्याकाळी इंदूरहून फोन आला. सुमित्राबाईंनीच उचलला.

"काय गं, नीळ्याचे ट्यूलिप आले का?" वसुताईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "सतरा लावले होते ना, वन्सं? बारा वाया गेले. पाच आले. पण असे आलेत म्हणून सांगू."