काचेवरची वाफ

आरमासकाकांच्या गाडीची काच आतून धुरकट व्हायची. त्यांची मुलगी पिर्यो म्हणत होती, "काच-बिच काही नाही, बाबांचे डोळे गेलेत. गाडी काढून घ्या त्यांच्याकडून." हेलसिंकीत बसून फोनवरून हुकूम सोडायला हिचं काय जातं? इथे आमच्या रानात बस येत नाही. लेम्पीकाकू कायानी शहरातल्या वृद्धाश्रमात आहेत. त्यांना कसलं भान उरलेलं नाही. काका रोज जाऊन भरवतात तेवढंच त्या खातात, दुसऱ्या कुणाचा चमचा दिसला की तोंड घट्ट मिटून घेतात. गाडी गेली तर काकू गेल्याच. म्हणून काका सकाळी माझ्या गॅरेजात आले तेव्हा दोष गाडीतच सापडावा, असं मला मनापासून वाटत होतं.

"आतलीच हवा फिरवायचं बटण दाबून ठेवलंत ना?" मी दरडावलं. गाडी लवकर तापावी म्हणून आमच्याकडे सगळेच ते दाबतात आणि विसरतात. मग श्वासाची, बुटांवरच्या बर्फाची वाफ आतच कोंडते.

"अगं, बंद करतो की! दिवा विझलेला दिसतो मला. खुळा समजतेस का?"

दिवा खरंच विझत होता. आतली हवा ओढणाऱ्या, पायाजवळच्या जाळीला मी कागदाचा कपटा लावला. बटण चालू, कपटा चिकटला. बटण बंद, तरी चिकटलेलाच. म्हणजे बाहेरची हवा येतच नव्हती. पुढचा खण उतरवला. मोटर बिचारी फिरत होती, पण हवेच्या झाकणाला जोडणारा प्लास्टिकचा दांडा मोडला होता.

"काका, सापडलं!" मी ओरडलेच. "पिर्योला आत्ताच्या आत्ता फोन लावा!"

"राहू दे गं. ती ऐकते होय कुणाचं?" काका खुशीत हसले.

भंगारातल्या गाडीचा दांडा काढून बसवला. कपटा गळून पडला. वाफ हळूहळू सरकत गेली आणि काच लख्ख झाली. रस्त्यापलीकडच्या टपालपेट्यांवरची नावं मला आतून वाचता येत होती.

काका स्टिअरिंगमागे बसले. डोळे बारीक करून त्यांनी समोर बघितलं आणि बाहीने काच पुसायला लागले.

"थोडं राहिलंय गं अजून."

"कुठे?"

"हे काय, सगळीकडे." ते पुसतच होते. "दारावरचा हात काढ पोरी. तिच्या जेवणाची वेळ झाली."

मी हात घालून गाडी बंद केली आणि चावी खिशात टाकली.

"चला, आज मी सोडते तुम्हाला."

काकांचा हात काचेवरच थांबला.

"आणि उद्या?" त्यांनी विचारलं.