पोदेरामागची स्कूटर

माझ्या कामाचे दोन भाग आहेत. ज्या अपंग माणसांना कोणी दारात उभं करत नाही त्यांना नोकरी मिळवून देणं हा पहिला, आणि नोकरी लागली की हळूहळू बाजूला होणं हा दुसरा. पहिल्यात मी पटाईत आहे. गोव्यात डिचोली-पेडण्यातल्या मॅनेजरांचं मी इतकं डोकं खाल्लंय की माझी स्कूटर गेटवर दिसली की काहींना अचानक मीटिंग लागते. दुसरा भाग मात्र मला कधी धड जमला नाही. आई म्हणायची, विनिता, भात शिजत घातलास की तू सारखं झाकण काढून बघतेस, म्हणून तो अर्धाकच्चा राहतो.

गौरवी नार्व्याची. तेवीस वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही, हातांनी बोलते आणि भयंकर हट्टी आहे. तिला मी आधी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत खोके दुमडायचं काम लावून दिलं होतं. दोन बस बदलून जायचं, आणि तिथे तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलेलं. पाचव्या दिवशी ती गेलीच नाही. मी तावातावाने घरी गेले तर तिने हाताचा पंजा माझ्या नाकासमोर आडवा धरला. भिंत. पुन्हा भिंत. मग अंगणातल्या सायकलकडे बोट दाखवलं.

सायकलीवरची नोकरी कुठून आणू, असं मनात म्हणत मी परतत होते, तेव्हा वाटेत दत्तारामची बेकरी लागली. दत्ताराम मूळचा सावंतवाडीकडचा. म्हाताऱ्या मूळ मालकाकडून त्याने ही जुनी भट्टी चालवायला घेतली होती. त्याचा पोदेर, म्हणजे सायकलवर टोपली बांधून दारोदार पाव विकणारा गडी, नुकताच आखातात गेला होता, आणि दत्ताराम स्वतः टोपली बांधत घामाघूम झाला होता. मी तिथेच ब्रेक दाबला.

तो नको नको म्हणत होता, पण मी काही सोडणारी नव्हे. शेवटी महिनाभर बघू म्हणाला, एका अटीवर. "बाय, तक्रार येता नये," तो म्हणाला. "लोक पाव खातत, दया खायत नाय."

गौरवीने सायकलला दोन्ही बाजूंनी आरसे बसवले आणि टोपलीवर निळं प्लास्टिक बांधलं. भोंगा वाजतोय की नाही हे तिला रबराचा गोळा दाबल्यावर हाताला कळायचं. सगळं सुरेख होतं. फक्त नार्व्याची एक खोड आम्ही विसरलो होतो, म्हणजे मी विसरले होते. इथे पोदेराचा भोंगा ऐकून कोणी बाहेर येत नाही. स्वयंपाकघरातून, विहिरीवरून, न्हाणीतूनसुद्धा नुसती हाक येते, "चार उंडे, दोन पोयी!" उंडा म्हणजे गोल फुगीर पाव, पोयी चपटी. पोदेराने आवाज ओळखायचा आणि फाटकावर टांगलेल्या पिशवीत पाव टाकून पुढे जायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय.

पहिल्याच सकाळी हे माझ्या लक्षात आलं, आणि मी लगेच तोडगा काढला. तोडगा म्हणजे मीच. तिच्या मागे माझी स्कूटर. घरातून हाक आली की मी बोटांनी आकडा दाखवायचा, ती पाव टाकणार. बारा दिवस असं चाललं. पोदेराला पोलीस बंदोबस्त मिळालाय, असं लोक म्हणू लागले. एक पाव इकडचा तिकडे झाला नाही. मी अहवालात 'उत्तम प्रगती' असं लिहिलं आणि तेराव्या दिवशी, मोठ्या समाधानाने, घरी बसले.

नऊ वाजेपर्यंत दत्तारामला सात फोन गेले. पहिला गंगावहिनींचा, देवळाच्या वाटेवरच्या. त्यांना चार पोयी हव्या होत्या, मिळाले दोन उंडे, कारण आदल्या दिवशी त्यांनी तेच घेतले होते आणि गौरवीने अंदाजाने तेच टाकले.

मी बेकरीत पोचले तेव्हा दत्ताराम ओरडला नाही. तो ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. तो शांतपणे म्हणाला की तुम्ही रोज मागे फिरणार असलात तर ठीक, नाहीतर शनिवारपर्यंत बघतो आणि मग तिला आत पाव मोजून भरायला बसवतो. पगार तोच देईन. माणूस वाईट नाही. पण 'आत' म्हणजे भट्टीमागची खोली, आणि तिथे चारी बाजूंना भिंतीच.

मी गौरवीला सांगितलं की काळजी करू नकोस, महिना संपेपर्यंत मी येते मागे. वाटलं, तिला बरं वाटेल. तिने रिकामी टोपली धाडकन खाली ठेवली. मग हात इतक्या वेगात चालले की मला दोनदा पुन्हा विचारावं लागलं. पोदेर तू की मी? बारा दिवस सगळे तुझ्याकडे बघतात. माझं तोंड कोणी बघितलंय का?

मला फार लागलं ते. कारण खरं होतं. बारा दिवस मीच पाव विकत होते, ती नुसती ओढत होती. लोकांना तिच्याशी बोलायची गरजच मी पडू दिली नव्हती. घरी येऊन मी पोटभर रडले आणि मग, सवयच ती, उंडे-पोयींची चित्रं काढून कार्डं करायला बसले. फाटकांवर टांगायला. दुसऱ्या दिवशी गौरवीने ती बघितली आणि त्यांची घडी करून सायकलच्या डगमगत्या स्टँडखाली घातली.

तिचा बेत साधा होता. फाटकापाशी थांबायचं, भोंगा वाजवायचा आणि माणूस बाहेर येईपर्यंत वाजवत राहायचं.

मागे येणार नाही असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, म्हणून देवळासमोरच्या दुकानात सोडा पीत बसले. तिथून पहिली सहा घरं दिसतात. बाई गं, काय तो आवाज. आतून नेहमीप्रमाणे हाक आली. भोंगा चालूच. हाक मोठी झाली. भोंगा चालूच. कुत्री भुंकायला लागली, कोणाचं तरी पोर उठून रडायला लागलं, आणि या सगळ्याचा गौरवीला काडीचा त्रास नव्हता. शेवटी गंगावहिनी पिठाच्या हातांनी तणतणत फाटकापर्यंत आल्या. गौरवीने भोंगा सोडला, हसून मान लववली आणि मूठ पुढे केली. उंडा? मग पंजा सपाट पसरला. पोयी? मग मनगटाभोवती बोट फिरवलं. काकण, बांगडीसारखा तो कडक पाव. वहिनी चिडल्या होत्या, पण पोयी हव्या होत्या. त्यांनी पंजा पसरला आणि दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली.

त्या दिवशी फेरी दोन तास लांबली, पाव गार झाले, दत्तारामचा फोन तापला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी मात्र काही घरांतली माणसं भोंगा सुरू व्हायच्या आधीच फाटकावर उभी होती. निव्वळ कानांच्या भीतीने, हे मी कबूल करते. फोन तीनच आले, तेही आवाजाचे. पाव चुकल्याचा एकही नाही.

शनिवारी दत्तारामचा फोन आला नाही. दहापर्यंत वाट बघून मीच केला. तो भट्टीशी होता. म्हणाला, टोपली रिकामी इली, सोमवारपासून पलीकडचो वाडोपण तिकाच देतंय. एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हात जोडले. कोणाला, ते माहीत नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी त्या वाटेला फिरकले नाही. माझ्या हिशेबाने हा विक्रमच. सोळाव्या दिवशी मात्र राहवेना. स्कूटर घेऊन गेले तर गंगावहिनींच्या फाटकाशी सायकल उभी. वहिनी गुडघा चोळून दाखवत होत्या, पायऱ्या चढल्यासारखी दोन बोटं हवेत चालवत होत्या, आणि गौरवी तोंड वाकडं करून हळहळत होती. पाव केव्हाच पिशवीत गेले होते. माझ्याकडे दोघींची पाठ होती, आणि मी, इतक्या वर्षांची रोजगार साहाय्यक, सवयीने रस्त्यातूनच ओरडले, "गौरवी!"

वहिनी गर्रकन वळल्या. मला त्यांनी ओळखलं नाही, की ओळखूनही दाखवलं नाही, देव जाणे.

"तिका आयकूंक येना, खबर ना तुका?" त्या म्हणाल्या. "पाव जाय जाल्यार लागीं यो आनी हातान सांग."

पाव हवा तर जवळ यायचं आणि हातांनी सांगायचं. मी स्कूटर स्टँडला लावली, फाटकापर्यंत चालत गेले, वहिनींच्या मागे उभी राहिले. माझी पाळी आल्यावर पंजा पसरला आणि दोन बोटं दाखवली. गौरवीने कोणत्याही गिऱ्हाइकाला देते तशा दोन गरम पोयी माझ्या हातावर ठेवल्या. फक्त डोळ्यांत हसली. मग आरशात मागचा रस्ता बघून तिने पायडल मारलं आणि पुढच्या फाटकाकडे निघाली.

स्कूटरची किल्ली माझ्या हातात होती. मी तिथेच उभी राहून एक पोयी खाल्ली. मागे गेले नाही.